किशोरवयीन मुलांना इस्लामी संस्कृतीची ओळख गोष्टी-कादंबऱ्यांतून कशी करून द्यावी?

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांचा वाचनगट घेते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या नववीच्या मुलांना इस्लामबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं व्हॉट्सॲपवरून आलेलं आहे, आणि नुसती माहिती सांगायला गेलं की ती जांभया देतात. आमच्याकडेही सुरुवातीला हेच होतं.

माझं सांगणं एवढंच की एक पुस्तक देऊन थांबू नका. जोडी द्या, आणि जोडी अशी निवडा की दोन पुस्तकांचं एकमेकांशी पटणार नाही.

हिजाबचंच बघा. मार्जान सत्रापी यांच्या 'पर्सेपोलिस' या चित्रकादंबरीत १९८० सालच्या तेहरानमधल्या दहा वर्षांच्या मुलीवर शाळेत अचानक स्कार्फची सक्ती होते, आणि मुली त्याच स्कार्फशी खेळत सुटतात. रांदा अब्देल-फत्ताह यांच्या 'डझ माय हेड लुक बिग इन धिस?' (२००५) मध्ये मेलबर्नची अमल हिजाब घ्यायचं स्वतःहून ठरवते आणि काळजीत पडतात ते तिचे आईवडील. आमच्यातल्या एकाने विचारलं, "मग यातलं खरं कोणतं?" मी तोंड उघडायच्या आत शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, हिला कुणी विचारलंच नाही, तिने स्वतः ठरवलं. एवढाच फरक आहे." पुढचा तासभर मला काही बोलावं लागलं नाही.

सुरुवात मात्र प्रेमचंदांच्या 'ईदगाह'पासून करा. जत्रेत बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात, हामिद तीन पैशांत आजीसाठी चिमटा आणतो, कारण पोळ्या भाजताना तिचे हात पोळतात. ही गोष्ट हिंदीतूनच वाचा, मुलांना सहज कळते. ईदगाहवरच्या नमाजाचं वर्णन सावकाश वाचा. रांगेत श्रीमंत-गरीब, मोठा-छोटा कुणी बघत नाही, हे तिथे भाषण न देता येतं.

त्यावरून एकाने विचारलं, २०२४ ला ईद ११ एप्रिलला होती, २०२५ ला ३१ मार्चला कशी? आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. बारा चांद्र महिन्यांचे साधारण ३५४ दिवस, म्हणून दर वर्षी ईद दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच, पण अधिक महिना घालून आपण ऋतूंशी मेळ राखतो. हिजरी वर्षात तो नाही, त्यामुळे रमजान उन्हाळ्यातही येतो आणि पावसाळ्यातही. "म्हणजे मे महिन्यात पाणीसुद्धा नाही?" हे विचारतानाचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता माझी चूक सांगते, तुम्ही ती करू नका. गटात ठाण्यातल्याच राबोडी भागातली एक मुसलमान मुलगी होती. 'ईदगाह' वाचताना मी सहज तिला विचारलं, "तुमच्यात असंच असतं ना गं?" तिने मान खाली घातली आणि पुस्तकाचं पान उलटत बसली. निघताना हळूच म्हणाली, "ताई, आम्ही कोकणी. ते लोक यूपीचे, मला कसं माहीत असणार?" मला फार वाईट वाटलं. तिच्या घरची बोली रत्नागिरीकडची आणि मी तिला एका दमात लखनौपासून तेहरानपर्यंतची वकील करून टाकलं होतं. तेव्हापासून कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माच्या वतीने उत्तर द्यायला लावत नाही. स्वतःहून बोलला तर ऐकायचं. आणि पुस्तकातलं कुटुंब कुठल्या देशातलं, कुठली भाषा बोलणारं, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचं.

दहावीच्या पुढच्या मुलांना हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) द्या. कोकणातल्या मुसलमान घरांची गोष्ट, थेट मराठीत लिहिलेली. मुलांना हे असं काही आहे याचाच पत्ता नसतो.

'पर्सेपोलिस'मध्ये तुरुंगातल्या छळाचीही चित्रं आहेत. तुम्ही आधी पूर्ण वाचा, मग पालकांना ती पानं दाखवा, आणि त्यानंतरच मुलांच्या हातात द्या.