देवाला थेट पापं सांगता येतात, मग कॅथलिक लोक फादरकडे कशाला जातात?

निनावी लिहितेय, कारण सासरचे लोक इथे आहेत.

माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचे प्रोटेस्टंट. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नानंतर पहिल्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर विचारला गेला, आणि सासूबाईंनी उत्तरही स्वतःच दिलं, बायबलमधलं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र 2:5, देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मी योहान 20:23 काढलं, येशूनेच शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिला ते. तेव्हापासून मॅच ड्रॉच आहे, वचनांवर हा वाद कधीच मिटत नाही.

आता खरं सांगते. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या चार पाटल्या मी माझ्या कपाटात आणून ठेवल्या. सांभाळायला म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. धाकट्या बहिणीला त्या दिसल्या नाहीत, तिने आईला सांभाळणाऱ्या मावशींवर संशय घेतला आणि एजन्सीला फोन करून त्यांना काढलं. मी तिथेच उभी होते. बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू करत आई गेली आणि मग तर तोंडच उघडेना.

दोन वर्षं मी हे थेट देवाला सांगितलं. रोज, भांडी घासताना, कधी रडून पण. आणि रोज रात्री हलकं वाटून झोपायचे. देव उलट प्रश्न विचारत नाही हो, तोच तर प्रॉब्लेम आहे.

मग उपवासकाळात माहेरी गेले होते. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करणं, करायचंच हा नियम 1215 चा आहे, चर्चच्या लॅटरन परिषदेचा, आणि आई तो ईस्टरच्या आधी आम्हाला हाताला धरून पाळायला लावायची, त्या सवयीनेच गेले. पापं सांगताना मध्ये जाळी असते, त्या जाळीपलीकडे कोणी ओळखीचे फादर नव्हते. मी सगळं गुळमुळीत सांगितलं, त्यांनी ऐकून एवढंच विचारलं, "त्या बाई आता कुठे कामाला आहेत?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता!

पापक्षमा दिली, पण नुसत्या पाच नमो मरिया प्रार्थनांवर सोडलं नाही, नुकसान भरून द्या म्हणाले. नालासोपाऱ्यात मावशींचं घर शोधलं. पैसे त्यांनी घेतले, पण आधी म्हणाल्या, माझ्यासमोर एजन्सीला फोन लावा. लावला. बहिणीलाही सांगितलं, ती अजून नीट बोलत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, हे पवित्र आत्म्याने पण सुचवलं असतं. नसतं सुचवलं. म्हणजे सुचवलं असेलही, मी ऐकत नव्हते, आणि जाळीपलीकडच्या माणसाला म्यूट करता येत नाही. आणि प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरचं नाव घेणाऱ्यांनी जरा वाचावं, 1530 ला जर्मनीत ऑग्सबर्गला त्याच्याच लुथरन लोकांनी आपली मतं मांडली त्यात खासगी पापक्षमा ठेवावी असंच आहे, फक्त एकूण एक पाप मोजून सांगायची सक्ती नको म्हणाले.

हां, सगळेच फादर असे नसतात. लहानपणी एकांनी मला इतकं झापलं होतं की मी पुढच्या वेळी पापं बनवूनच सांगितली. 2018 ला केरळात ऑर्थोडॉक्स या वेगळ्या चर्चच्या पुरोहितांवर कबुलीचा वापर करून ब्लॅकमेल केल्याचे आरोप झाले, महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा म्हटलं होतं. बायकांना भीती वाटते ती उगाच नाही. आमच्यात गुप्तता मोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो, पण ज्या बाईचं वाटोळं झालं तिला त्याचा काय उपयोग. अनोळखी चर्चमध्ये जा, जाळीतूनच बोला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, थेट सांगता येतं, मी अजूनही सांगते. सासूबाई इथे नाहीत, पण जाऊबाई वाचतात. त्या दाखवतील.