हायड्रेंजिया: सावली कुठली आणि ऊन कधीचं?

या वेळच्या टपालात हायड्रेंजियाचेच प्रश्न जास्त आहेत. उन्हाळ्यात नर्सरीत त्याचे निळे-गुलाबी गेंद दिसतात, 'सावलीत येतं' असं माळीदादा सांगतात आणि झाड घरी येतं. सांगणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. पुण्यात हे झाड बिघडतं ते दुपारच्या उन्हाने, कोरड्या पडलेल्या कुंडीने आणि आपल्या माती-पाण्यातल्या चुन्याने. या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तर हायड्रेंजिया इथे नक्की फुलतं.

प्रश्न : कोथरूडला तळमजल्यावर राहतो. इमारतीच्या उत्तरेला, कंपाउंडच्या भिंतीलगत तीन-चार फुटांची पट्टी आहे. तिथे कायम सावली असते. हायड्रेंजिया लावू का?

'कायम' हा शब्द तपासून घ्या. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेकडेच राहतो. त्यामुळे डिसेंबरात गार आणि अंधारी वाटलेली उत्तरेची पट्टी मे महिन्यात, नेमकी ४० अंशांच्या आसपास पारा असताना, उन्हात येऊ शकते. भिंत उंच नसेल तर दुपारचं ऊन सरळ पानांवर उतरतं. एप्रिल-मेमध्ये दर दोन तासांनी एकदा तिथे डोकावा आणि ऊन कुठे पोचतं ते पाहून ठेवा.

याच्या उलटही होतं. तीन बाजूंनी इमारती असतील तर पट्टी खरोखरच अंधारी असते. दुपारी बाराच्या सुमारास पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि वीतभर उंचीवर हात धरा. हाताची सावली ओळखू येत असेल तर तो उजेड चालेल. कागदावर काहीच उमटत नसेल तर तिथे हायड्रेंजिया पानांनी भरेल, पण फुलणार नाही. त्याला सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि अकरानंतर सावली हवी, म्हणून पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. अंधाऱ्या जागेत पीस लिली, नेचे, ऍग्लोनिमा लावा. थोडा उजेड आणि ओल असेल तर सोनटक्का लावाच. पावसाळ्यात संध्याकाळी त्याचा वास अंगणभर पसरतो, आणि त्याला आपल्या हवेची सवयही आहे.

प्रश्न : मैत्रिणीने उटीहून आल्यावर निळ्या हायड्रेंजियाचे फोटो दाखवले. माझं सहकारनगरच्या बागेत काळ्या मातीत आहे आणि गुलाबीच फुलतं. लोखंडी खिळे पुरले, कॉफीचा चोथा घातला. काही फरक नाही.

खिळ्यांनी फरक पडणारही नाही. निळा रंग लोहामुळे येत नाही, ॲल्युमिनियममुळे येतो. फुलातलं रंगद्रव्य निळ्या आणि गुलाबी दोन्ही झाडांत एकच असतं. मुळांनी ॲल्युमिनियम शोषलं आणि ते रंगद्रव्याशी जोडलं गेलं की निळा, नाही तर गुलाबी. ॲल्युमिनियम जवळपास सगळ्याच मातीत असतं, मात्र आम्ल मातीतच ते विरघळून मुळांना मिळतं. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकी आम्ल) साधारण ५.५ च्या खाली असेल तर निळी फुलं, ६.५ च्या वर गेला तर गुलाबी, आणि मध्ये जांभळट छटा. उटीची माती आम्ल आहे, म्हणून तिथे काही न करता निळं फुलतं. पुण्याची काळी माती बेसॉल्ट खडकाची, चुनखडीची, सामू बहुतेक ठिकाणी ७.५ च्या पुढे. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात मोकळा चुना आहे. अशी माती आम्ल करायच्या मागे लागू नका. गंधक घातलं तरी आधी तो सगळा चुना संपावा लागतो, आणि आजूबाजूच्या जमिनीतून पाण्याबरोबर नवा येतच राहतो.

म्हणून निळ्या रंगाची हौस असेल तर झाड कुंडीत घ्या. खरं तर पुण्यात रंग कुठलाही हवा असो, माझा सल्ला कुंडीचाच आहे. माती आपल्या हातात राहते आणि मार्चमध्ये झाड उचलून गार जागी नेता येतं. बारा ते चौदा इंचांची कुंडी घ्या, पण सिमेंटची नको, तिच्यातूनही चुना झिरपतो. दोन भाग कोकणाकडची जांभ्याची लाल माती, एक भाग दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड. पोत्यावर 'लाल माती' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, कधी कधी तो नुसता मुरूम असतो. व्हिनेगरची परीक्षा तिलाही लावा.

मग तुरटी. किराणा दुकानातली साधी तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. एक लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा पूड विरघळवून, माती आधी ओली करून, दर तीन आठवड्यांनी द्या. सुरुवात डिसेंबर-जानेवारीत, कळ्या दिसायच्या आधी करा, कारण गेंद उमलल्यावर रंग पालटत नाही. प्रमाण वाढवू नका, मुळं जळतात. हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट बंद करा, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच बांधून ठेवतं.

पाण्याकडेही बघा. बोअरचं जड पाणी आठवडाभर घातलं की तुरटीचं काम वाया जातं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं, वाया जाणारं पाणी अनेकजण काटकसरीने कुंड्यांना घालतात. हायड्रेंजियाला ते देऊ नका, त्यात क्षार आणखी साठलेले असतात. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असतं, ते बादलीत जमवून वापरा. पावसाचं पाणी तर उत्तमच.

इतकं सगळं करायचं नसेल तर गुलाबी हायड्रेंजियावर मनापासून प्रेम करा. काळ्या मातीच्या शहरात तोच त्याचा स्वाभाविक रंग. पांढऱ्या जातींना मात्र तुरटीने काहीही होत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये रोज दुपारी पानं माना टाकायची. दिवसातून तीनदा पाणी घातलं तरी शेवटी खोड बुडाशी काळं पडून झाड गेलं. पाणी कमी पडलं का?

जास्त झालं. हायड्रेंजियाची पानं मोठी आणि पातळ असतात. भर दुपारी त्यांतून बाष्प जाण्याचा वेग मुळांच्या ताकदीपलीकडे जातो आणि माती ओली असूनही पानं लोंबतात. संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात. त्यामुळे दुपारी पानं पाहून पाणी घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर थांबायचं. सकाळी भांडंभर, बुडाच्या भोकातून निघेपर्यंत पाणी द्या. कडक उन्हाळ्यात कुंडी खरंच कोरडी असेल तर संध्याकाळी पुन्हा. वर दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन, आणि गच्ची किंवा पश्चिमेचा सज्जा असेल तर हिरवी जाळी. सकाळी उठल्यावरही पानं लोंबलेलीच दिसली तर मात्र मुळांकडे काही बिघडलंय असं समजा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून फुलांनी भरलेलं झाड आणलं. त्यानंतर एकदाही फूल नाही. पानं छान आहेत. दर दिवाळीला गुलाबाबरोबर छाटणी करते.

कारण तुम्हीच शेवटच्या वाक्यात लिहिलं आहे. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून ऑक्टोबरची छाटणी त्याला मानवते. आपल्याकडे मिळणारं मोठ्या पानांचं हायड्रेंजिया जुन्या काडीवर फुलतं. हवा गार होऊ लागली की काडीच्या शेंड्यात पुढच्या हंगामाच्या कळ्या आतल्या आत घडायला लागतात. दिवाळीत शेंडे कापले की त्या वर्षाची सगळी फुलं कचऱ्यात जातात. छाटणी फुलं संपल्या संपल्या, फार तर जूनअखेरपर्यंत करा. वाळलेल्या गेंदाखाली जिथे दोन टपोरे डोळे दिसतील तिथे काप घ्या. मेलेल्या आणि अगदी बारीक काड्या बुडापासून काढा. जुलैनंतर कात्री दूर ठेवा.

दुसरी गोष्ट थंडीची. कळी धरायला या झाडाला साधारण १८ अंशांखालचं तापमान काही आठवडे लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी पुण्याच्या रात्री त्याहून गार असतात, तेव्हा कुंडी घरात किंवा बंद सज्ज्यात न ठेवता उघड्यावर ठेवा. मुंबईच्या तुलनेत आपल्याला हा मोठा लाभ आहे. दिवाळीनंतर नत्राची खतंही थांबवा, नाही तर नुसती पानंच फुटतात.

नर्सरीतल्या फुलांनी लदलेल्या झाडाबद्दल एक सांगायला हवं. अशी झाडं बरेचदा नियंत्रित वातावरणात, थंडी आणि खतं मोजून देऊन तयार केलेली असतात, बुटकी राहावीत म्हणून वाढरोधक औषधंही देतात. पहिल्या वर्षाचा तो बहर तुमच्या घरी तसाच येईल अशी अपेक्षा धरू नका. तिसऱ्या वर्षी चार गेंद आले तरी ते तुमच्या हवेतले आहेत. घेताना फुलं मोजण्यापेक्षा बुडातून किती जाड काड्या निघाल्यात ते मोजा. तीन-चार तरी हव्यात.

प्रश्न : आंब्याखाली गार सावली आहे. तिथे जमिनीत लावलं तर?

नको. आंब्याची वरची मुळं पाणी आणि खत आधी ओढून घेतात. हायड्रेंजियाची मुळं उथळ आणि बारीक असतात, त्यांचा टिकाव लागणार नाही. त्याच सावलीत विटांवर कुंडी ठेवा. मावा आणि पिठ्या ढेकूण आंब्यावरून खाली येतात का, तेवढं पाहत राहा.

प्रश्न : नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतोय. लोह कमी आहे असं वाचलं.

मातीत लोह बहुधा असतंच, चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे हिराकस (लोहाचा साधा क्षार) टाकून काही दिवसांपुरताच उपयोग होतो. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या संयुगात धरून ठेवलेलं लोह घ्या, त्यातही पाकिटावर ईडीडीएचए (EDDHA) लिहिलेलं. ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. पण खरा इलाज म्हणजे कुंडीतली माती बदलणं आणि बोअरचं पाणी थांबवणं.

प्रश्न : ऑनलाइन इंद्रधनुष्यी रंगांच्या हायड्रेंजियाच्या बिया मिळतात. आणि शंकूसारखे पांढरे तुरे येणारी जात पुण्यात चालेल का?

बिया घेऊ नका. एका झाडावर सात रंग दाखवणारी चित्रं बनावट असतात, आणि बियांपासून आलेलं रोप आईसारखं निपजत नाही. शंकूच्या तुऱ्यांची पॅनिक्युलाटा जात ऊन जास्त सोसते हे खरं, पण तिला पानगळ होईल असा खरा हिवाळा लागतो. पुण्यात भरवसा मोठ्या पानांच्या मॅक्रोफायलाचाच. त्यातही सपाट झेल्याच्या, मधे बारीक खरी फुलं आणि कडेला मोठ्या पाकळ्या असणाऱ्या जाती दिसल्या तर आवर्जून घ्या. गोल गेंद पावसाने भिजून वाकतात आणि आतून कुजतात, हे झेले तसे कुजत नाहीत.

प्रश्न : घरात कुत्र्याचं पिल्लू आहे. धोका आहे का?

आहे. पानांत आणि कळ्यांत सायनाइड सोडणारी संयुगं असतात. चावून खाल्ल्यास उलट्या, जुलाब होऊ शकतात. पिल्लाच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर कुंडी ठेवा. खाल्लंच तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. रांगत्या मुलांच्या बाबतीतही हीच काळजी.

प्रश्न : आईच्या बागेतल्या झाडाची फांदी लावून नवं करता येईल का? कधी?

पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते ऑगस्टमध्ये. फूल न आलेली, पेन्सिलीहून थोडी बारीक, हिरवी पण वाकवली तर कटकन मोडेल अशी काडी निवडा. पाच-सहा इंच घ्या, काप डोळ्याच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची दोन ठेवून त्यांचीही अर्धी पात कापा, म्हणजे बाष्प कमी जातं. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट भरलेल्या लहान कुंडीत दोन डोळे खाली जातील इतकी खोचा. वर पारदर्शक पिशवी सैलसर बांधा आणि थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवा. रोज सकाळी पिशवी थोडा वेळ उघडा, नाही तर बुरशी येते. तीन-चार आठवड्यांनी काडी हलकेच ओढून पाहा. ती हाताला अडली तर मुळं धरली आहेत. मोठ्या कुंडीत सप्टेंबरात हलवा आणि पहिला उन्हाळा पूर्ण सावलीत काढू द्या. दोन काड्या लावायच्या असतील तर पाच लावा, सगळ्या जगत नाहीत.