कॉम्प्युटर हार्ड डिस्कवरून सुरूच होत नाही, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असं येतं. डिस्क गेली असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घरचा असेम्बल केलेला सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप, त्यात विंडोज १०. मे महिन्यात सगळे गावी गेलात, जाताना घराचा मेन स्विच बंद केलात. परत येऊन चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हा संदेश. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत) डिस्कचं नाव दिसतं, घड्याळ मात्र भलतंच जुनं साल दाखवतंय. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली, नवी घाला, जुन्यातलं काही मिळणार नाही. आणि त्यात मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत.

नवी डिस्क आत्ता घेऊ नका. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे, आणि तुमच्या प्रश्नातलं ते घड्याळाचं वाक्य वाचल्यावर मला डिस्कच्या आधी मदरबोर्डवरच्या सेलचा संशय आला. दुकानदारानं ते घड्याळ बघितलंच नसावं.

हा संदेश डिस्क देत नाही, मदरबोर्ड देतो. त्याचा अर्थ एवढाच की ‘मी जिथे शोधलं तिथे सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही’. डिस्क मेलेली असली तरी तो हेच म्हणेल, आणि डिस्क ठणठणीत असून तो चुकीच्या ठिकाणी शोधत असला तरी हेच म्हणेल. आणखी एक गोष्ट: हा संदेश पडद्यावर उमटला याचाच अर्थ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले आपापलं काम करताहेत. आपल्याकडे काहीही झालं की रॅम काढून खोडरबरानं घासायची पद्धत आहे. पडदाच उजळत नसेल तेव्हा तो उपाय ठीक, इथे त्याचा काही उपयोग नाही.

आता तो सेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसमधल्या सेटिंग जपणं हे त्याचं काम. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा थोडा पुरवठा देत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. म्हणून सेल कधीचा संपलेला असला तरी वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही मेन स्विच बंद केलात तेव्हा पहिल्यांदा सगळा भार सेलवर आला, आणि तो काही महिनाभर टिकला नाही. घड्याळ मागे गेलं आणि बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर आला. गणपतीनंतर आणि मेच्या सुट्टीनंतर अशा तक्रारी वाढतात त्या यामुळेच.

मूळ सेटिंगवर आल्यानं काय बिघडतं? कॉम्प्युटर सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी, म्हणजे लीगसी पद्धत: मदरबोर्ड डिस्कवरचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामचे, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, यादीचे आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. खूण जुळली की त्या प्रोग्रामच्या हाती सूत्रं जातात. याला एमबीआर म्हणतात. दुसरी पद्धत यूईएफआय: यात मदरबोर्ड डिस्कवरचं एक छोटं, फॅट३२ पद्धतीचं पार्टिशन उघडतो आणि त्यातली विंडोजची फाइल थेट चालवतो. अशा डिस्कवर पार्टिशनची सहसा जीपीटी नावाची मांडणी असते.

विंडोज ज्या पद्धतीनं टाकलं, त्याच पद्धतीनं ते सुरू होतं. लीगसीत टाकलेली डिस्क निव्वळ यूईएफआयवर ठेवलेल्या बोर्डाला दिसते, पण सुरू करण्याजोगी वाटत नाही. उलटही तसंच. तुमच्या मशीनच्या वयाच्या बोर्डांवर दोन्ही पद्धती असतात, आणि असेम्बल करणाऱ्यानं तेव्हा कुठली निवडली ते त्यालाही आज आठवणार नाही. त्याची निवड त्या सेलच्या भरवशावर होती.

तर करायचं असं. आधी पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, मोबाइलची केबल, सगळं काढा; फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा. (विसरून लावलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायच्या नादात अडकलेली मशीन मी पुष्कळ बघितली आहेत. तेवढ्यावरच भागलं तर देव पावला.) मग चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जा आणि काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख-वेळ दुरुस्त करा. मग ‘बूट’च्या पानावर या.

तिथे नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. डिस्कचं नाव बायोसमध्ये दोन ठिकाणी येऊ शकतं. एक, साटा पोर्टना (बोर्डावरच्या डिस्क जोडायच्या जागांना) काय काय जोडलंय त्या यादीत. दोन, कशावरून सुरू करायचं त्या यादीत. तुम्ही ‘नाव दिसतं’ म्हणालात ते यातलं कुठलं?

दुसऱ्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसत असेल तर तो पहिल्या क्रमांकावर आणा, एफ१० दाबून सेव्ह करा, काम झालं. डिस्क पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाहीच, तर ‘सीएसएम’ नावाचं, लीगसी पद्धतीला वाट देणारं सेटिंग शोधा. बहुधा ते बंद असेल. ते चालू करा, म्हणजे लीगसी डिस्क यादीत येईल. सीएसएमचा पर्याय राखाडी दिसून हलत नसेल तर आधी सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा प्रोग्राम सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागतं. आणि सीएसएम आधीच चालू असून डिस्क दुसऱ्या यादीत नुसत्या मॉडेलच्या नावानं दिसते, तरीही तोच संदेश येतो, तर उलट करून बघा: सीएसएम बंद, निव्वळ यूईएफआय. हे बंद केल्यावर पडदाच काळा राहिला तर घाबरू नका. काही जुन्या ग्राफिक कार्डांना सीएसएमशिवाय चित्र दाखवता येत नाही. प्लग काढा, सेल थोडा वेळ बाहेर ठेवून परत बसवा, बोर्ड मूळ सेटिंगवर येईल.

एका वेळी एकच बदल करा आणि चालवून बघा. या बदलांनी डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही, त्यामुळे फोटोंना धोका नाही. फक्त रेडच्या (अनेक डिस्क एकत्र बांधायच्या) पानावर जाऊन नवा अॅरे, म्हणजे डिस्कचा गट, बनवायचा उद्योग करू नका.

साटाचा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्कशी एएचसीआय, आयडीई की रेड यातल्या कुठल्या पद्धतीनं बोलायचं, हाही सेल गेल्यावर बदलू शकतो, पण त्याचं लक्षण वेगळं. तेव्हा विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके फिरतात आणि मग निळा पडदा येऊन ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतो. तुमचा पडदा काळा आहे, म्हणजे गाडी तिथवर पोचलेलीच नाही. पद्धत बदलून गाडी पुढे सरकली आणि मग हा निळा पडदा आला, तर मात्र एएचसीआय करून बघा.

हे सगळं तपासायला नवा सेल लगेच आणायची गरज नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं नाही तर सेटिंग टिकतील. विंडोज सुरू झालं की सेल आणा. घड्याळवाल्याकडेही मिळतो, वडापाव-चहाच्या खर्चात येतो. बसवताना प्लग काढलेला असू द्या आणि अधिकची खूण वर.

एवढं करूनही तोच संदेश आला, तर मग डिस्ककडे वळायचं.

मशीन उघडून डिस्कच्या दोन्ही केबल काढून परत बसवा: सात पिनांची डेटाची आणि पंधरा पिनांची पॉवरची. डेटाची केबल बोर्डाच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा, शक्य असेल तर केबलच बदला. क्लिप नसलेल्या त्या स्वस्त लाल केबल हलक्या धक्क्यानंही सैल होतात, आणि दमट हवेत टोकं काळी पडतात ती वेगळीच.

मग कान लावून ऐका. मऊ घरघर असेल तर बरं. ठरावीक वेळानं टक्‌-टक्‌ आवाज येत असेल, किंवा डिस्क फिरायला लागून थांबत असेल, तर त्याच क्षणी बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. आतली हेड प्लेटवर घासत असतील तर प्रत्येक वेळी चालू करण्यात थोडे थोडे फोटो कायमचे पुसले जातात. ती फ्रीजमध्ये ठेवायचा इंटरनेटवरचा उपाय तर अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. एका फोटोग्राफरची लग्नाच्या शूटिंगची डिस्क माझ्याकडे आली होती, टक्‌-टक्‌ करणारी. आणण्याआधी त्याच्या पोरानं ‘बघू, आता होते का’ करत दिवसभर चालू-बंद केली होती. त्यातलं फार थोडं हाती लागलं. अशी डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्यावी. खर्च मोठा असतो, आधी अंदाज लिहून घ्या.

आवाज ठीक असेल तर आधी फोटो बाहेर काढा, दुरुस्ती नंतर. हा क्रम उलटा करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून घ्या आणि त्या पेन ड्राइव्हवरून तुमचं मशीन सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. डिस्क त्यात उघडली तर फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. किंवा डिस्क काढून साटा-यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या मशीनला जोडा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टची वेगळी पॉवर लागते, तेव्हा अडॅप्टर पॉवरवाला घ्या. नुसत्या यूएसबीवर फक्त लॅपटॉपची अडीच इंची चालते. जोडल्यावर विंडोजनं ‘फॉरमॅट करायचं का’ किंवा ‘इनिशियलाइझ करायचं का’ विचारलं तर दोन्हीला कॅन्सल.

डिस्क जोडलेली असतानाच क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा. पाच क्रमांकाचा रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि १९७ क्रमांकाचा करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे), यांचे आकडे शून्य असावेत. पेंडिंगचा आकडा रोज वाढत असेल तर डिस्क निरोप घेतेय. याउलट फक्त १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा आकडा वाढलेला असेल तर दोष बहुतेक केबलचा. पन्नास-शंभर रुपयांत मिटतं.

पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कवर विंडोजचा चेकडिस्क हा तपासणीचा प्रोग्राम चालवू नका, विशेषतः ‘आर’ लावून. ते प्रत्येक सेक्टर घासून वाचतं आणि वर दुरुस्तीच्या नावाखाली लिहितंही. त्यापेक्षा लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरून डिस्कची नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा बघतं. पुढचे सगळे प्रयोग मग नकलेवर.

फोटो सुरक्षित झाले, स्मार्टही स्वच्छ आहे, आणि तरी विंडोज सुरू होत नाही, असं झालं तरच सुरुवातीच्या फाइल बिघडल्या असं म्हणायचं. विंडोज १०च्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि ‘रिपेअर’मधून स्टार्टअप रिपेअर चालवा. त्यानं न झाल्यास तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिस्कपार्ट उघडून डिस्कची यादी बघा: जीपीटीच्या रकान्यात तारा असेल तर यूईएफआय, नसेल तर लीगसी. पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीनं सुरू केलेला हवा. मग सुरुवातीच्या फाइल नव्यानं बनवणारी बीसीडीबूट ही कमांड विंडोजच्या फोल्डरवर चालवायची. तिथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, फोल्डर खरंच तिथे आहे ना हे आधी बघून घ्या.

हे उत्तर लॅपटॉपवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक इशारा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय) मालकाला न सांगता चालू असतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमला (त्या कुलपाची किल्ली जपणाऱ्या चिपला) हात लावलात तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का ते मोबाइलवरून आधी बघा, मग हात घाला.

दुकानदार आता ‘विंडोज १०च बंद झालं, नवीनच घ्या’ असंही म्हणेल. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरं आहे, पण त्याचा तुमच्या आजच्या बिघाडाशी काही संबंध नाही. सात-आठ वर्षं फिरलेल्या डिस्कशेजारी एक एसएसडी बसवून विंडोज तिच्यावर न्यावं असं मीही म्हणेन, पण ते फोटोंच्या दोन प्रती झाल्यावर.

आज रात्री बायोसच्या दोन्ही याद्यांचे फोटो काढा आणि मदरबोर्डचं मॉडेल इथे खाली लिहा. सीएसएम प्रत्येक कंपनी वेगळ्या पानावर लपवते. तुमच्या बोर्डात ते कुठे आहे ते मी सांगतो. तोवर भिंतीवरचं बटण बंद करू नका.