आजी नास्तिक, मोदक एकवीस

प्रिय मनू,

पुण्याहून आलेला तुझा मेल इथे स्वीडनमध्ये तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटचं वाक्य तिला झोंबलं, मला आवडलं. तू लिहिलंस, "आजी सरळ म्हणते देवबीव काही नसतो, आणि एकवीस मोदकांसाठी आंबेमोहोराची पिठी दळून आणते. मोठे काका सोवळं नेसून तासभर पूजा करतात आणि राजकारणात पक्के समाजवादी. कॉलेजात शिकलेल्या कुठल्याच तक्त्यात हे दोघं बसत नाहीत. बाबा, तुम्ही मराठी लोक ढोंगी आहात का?"

ढोंगी नाही. तक्त्याचं मात्र बघायला हवं.

धर्माचं मानसशास्त्र म्हणून तुम्हाला जे शिकवतात, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या चर्चला जाणाऱ्या लोकांना प्रश्नावल्या देऊन जमवलेलं आहे. तिथे धर्माची सुरुवातच 'तुमचा विश्वास आहे का' इथून होते. नेमानं चर्चला जाणारा गोरा माणूस बहुधा उजवीकडे मत देतो, त्यामुळे विश्वास, नीती आणि मत यांच्यातून एक सरळ रेघ काढता येते. सदाशिव पेठेत तुला आजवर कुणी विचारलं का, देव मानतेस का म्हणून? विचारलं असेल ते, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" दीड, पाच, गौरींबरोबर की अनंत चतुर्दशीपर्यंत? उत्तर दिलं की तू कुठल्या घरची ते ठरलं. त्या गणपतीबद्दल तुझ्या मनात काय आहे, ही चौकशी कुणी करत नाही. केलीच तर तो आगाऊपणा समजतात.

आजीनं देव सोडला तो कॉलेजात, बुद्धिवादी सुधारक आगरकर वाचून. घरचं देवाचं मात्र सोडलं नाही. सासूबाई गेल्यावर 'आता बंद करा' म्हणणारे तिचे मित्र होतेच. तिचं म्हणणं, त्या दिवशी चुलत भावंडं येतात, दोघी जावा ओट्याशी उभ्या राहून पाऱ्या करतात, वर्षभराची भांडणं मिटतात नाहीतर नवी लागतात. गणपती बंद केला तर ही माणसं यायची कुठल्या निमित्तानं?

या निमित्ताचं वजन संशोधकांनी मोजून पाहिलंय. मॉरिशसमध्ये तमिळ हिंदूंची थैपुसम या सणाची कावड निघते. गालातून, पाठीतून सुया आणि आकडे टोचून देवळापर्यंत चालत जायचं. (मॉरिशसला आपली मराठी माणसंही आहेत, पण हा अभ्यास तमिळांचा.) दिमित्रिस झिगालातास आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. नुसत्या सामूहिक प्रार्थनेनंतर लोकांनी जेवढे पैसे दान केले, त्याहून कावडीनंतर बरेच जास्त केले. गंमत पुढे आहे: ज्यांनी स्वतः सुया टोचून घेतल्या नव्हत्या, फक्त सोबत राहून पाहिलं होतं, त्यांचाही हात सैल सुटला. म्हणजे कोण किती मानतो यापेक्षा कोण कुणाबरोबर काय करतो, यानं जास्त फरक पडला. उकडीचे मोदक म्हणजे सुया नव्हेत हे खरं, पण उकड गरम असतानाच मळावी लागते. हात भाजतात. यंदा करून बघ.

आता याची दुसरी बाजू, आणि ती आजीला आवडणार नाही. २००९ च्या एका अभ्यासात पॅलेस्टिनी लोकांमध्ये असं दिसलं की कोण किती वेळा प्रार्थना करतो याचा आत्मघातकी हल्ल्यांच्या समर्थनाशी संबंध नव्हता. मशिदीत किती वेळा जमतो याचा होता. ज्यू वसाहतवाल्यांकडे पाहिलं तेव्हा सिनेगॉगबद्दल तसंच आढळलं. माणसं एकत्र जमली की आपली कोण हे पक्कं होतं, आणि परकी कोण हेही.

त्याची पुण्यातली साक्ष हवी असेल तर पर्वती चढ. १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथल्या देवळात जाऊ द्यावं म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे दलित नेते पुढे होते, पुढे समाजवादी नेते झालेले तरुण एस. एम. जोशी बरोबर होते. सत्याग्रहींवर दगड पडले. दगड मारणारे स्वतःला वाईट समजत नव्हते. देव बाटू नये म्हणून आपण कर्तव्य करतोय अशीच त्यांची खात्री असणार. तुमच्याकडे जोनाथन हाइट हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शिकवला असेल: काळजी आणि न्याय यांच्याबरोबर निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य हेही नीतीचे पाये आहेत, असं म्हणणारा. ही दृष्टी त्याला बरीचशी आपल्याकडेच मिळाली, भुवनेश्वरला. त्याच्या आधी रिचर्ड श्वेडर हा मानवशास्त्रज्ञ तिथे काम करून गेला होता. हाइट वाचणारे पुष्कळ जण पावित्र्य हा जुन्या समाजांचा गोड गुण असल्यासारखं बोलतात. पर्वतीच्या पायऱ्यांवर ते कसं दिसलं, हेही त्यात धरायला हवं.

काका सोवळ्यात पाणी भरतात ती भावना आणि पायऱ्या अडवणारी भावना एकाच मुळाची. त्यांना हे सांगितलंस तर ते चिडणार नाहीत, कारण त्यांनी स्वतःच त्याला कुंपण घातलंय. सोवळं देवघराच्या उंबऱ्याच्या आत. बाहेर कामाच्या मावशी त्यांच्याच कपात चहा पितात आणि काका कप विसळतात. हे सहज झालेलं नाही. त्यावरून त्यांचं आणि आजोबांचं काही महिने बोलणं बंद होतं.

काकांच्या राजकारणाचं कोडं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. पंढरपूरचा विठ्ठल सगळ्यांना खुला व्हावा म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेले साने गुरुजी समाजवादी होते, आणि त्यांच्याइतका भाविक माणूस शोधून दाखव. उलट हिंदुत्वाची मांडणी करणारे सावरकर पोथीनिष्ठेवर तुटून पडायचे. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, हे त्यांचं म्हणणं आज त्यांच्याच चाहत्यांची पंचाईत करतं. त्याही आधी टिळक आणि आगरकर. १८८२ मध्ये दोघं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते. शाळा एकत्र काढली, वर्तमानपत्र एकत्र काढलं. १८८८ मध्ये आगरकर 'सुधारक' घेऊन वेगळे झाले, आणि १८९३ पासून टिळकांनी गणपती चौकात आणला. आगरकरांची तर याच शहरात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. दोघांचंही इंग्रजांशी वैर, दोघंही जिवापाड प्रामाणिक. देवाबद्दलच्या मतावरून बाकीची मतं ओळखायची म्हटलं तर पुण्यात पदोपदी फसशील.

काका समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढले. देव्हारा घरातून आला, मत शाखेतून. दोन्ही गोष्टी त्यांना कुणी वादात हरवून पटवलेल्या नाहीत. आजी म्हणेल, मी वाचून ठरवलं. बरोबर कोण कोण वाचत होतं, तेही विचार.

तू न विचारलेला एक प्रश्न आजीला आयुष्यभर विचारला गेलाय: देव नाही तर चांगलं वागायचं कुणाच्या भीतीनं? शिक्षकांच्या खोलीत तर दरवर्षी. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये लोकांना विचारलं होतं की नीतीनं वागायला देवावर विश्वास लागतो का. भारतात ७९ टक्के लोक हो म्हणाले; इथे स्वीडनमध्ये ९ टक्के. १३ देशांतल्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना एका क्रूर खुन्याचं वर्णन दिलं, तेव्हा तो नास्तिक असेल असं लोकांना जास्त सहज वाटलं. असं वाटणाऱ्यांत स्वतः नास्तिक असलेलेही होते! तू नऊ टक्केवाल्यांत वाढलीस, म्हणून तुला आजीचं नास्तिकपण साधं वाटतं आणि मोदक विचित्र. तिच्या मैत्रिणींना बरोबर उलटं वाटतं.

आणि भाविकांचं चांगुलपणही सारखं तेवत नसतं. मोरोक्कोतल्या माराकेशच्या बाजारात दुकानदारांना पैसे स्वतः ठेवायचे की दान करायचे असा पर्याय दिला, तर अजान कानावर पडत असताना ते जास्त उदार झाले. तू पालखी पाहिलीस ना? नाना पेठेत, भवानी पेठेत त्या मुक्कामात वारकऱ्यांचे पाय चेपणारे, चपला फुकट शिवून देणारे, येणाऱ्याजाणाऱ्याला 'माउली' म्हणणारे पुणेकर पुढच्या सोमवारी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हमरीतुमरीवर येतात. विठ्ठल तोच, माणसंही तीच. प्रसंग सरलेला असतो.

नास्तिकांनाही प्रसंग लागतोच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, फिरायला गेले असताना. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. कायदा त्याच डिसेंबरात झाला. आजी दर २० ऑगस्टला पुलावर जाते. काका पूजा लवकर उरकून तिच्याबरोबर जातात.

राहता राहिला तुझा दुसरा प्रश्न, आरतीला उभी राहू का? राहा की. आजी स्वतः उभी असते, टाळ्याही वाजवते. फक्त 'घालीन लोटांगण'ला स्वतःभोवती फिरत नाही. तेवढंच तिचं बंड. तू फिर किंवा नको फिरू, हजेरी कुणी घेत नाही. मंत्रपुष्पांजलीला मात्र कुणाचा श्वास पुरतो यावर चढाओढ असते आणि काका कुणाला जिंकू देत नाहीत.

परत येण्याआधी एक काम कर. काकांना सेवा दलाच्या दिवसांबद्दल आणि आजीला तिच्या कॉलेजातल्या कंपूबद्दल विचारून, जमलं तर लिहून ठेव. मला दोघांनीही कधी नीट सांगितलं नाही. तुला सांगतील.

तुझा,
बाबा