गोळ्यांचं पाकीट टेबलाच्या खणात

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ७४. यंत्रमागावर ३५ वर्षं काढली, रोज सकाळी कंबर तलावावर फिरायला जातो. शिबिरात बीपी १७२/८० निघालं. नंतर दवाखान्यात दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा वरचा आकडा १६०च्या पुढं. डॉक्टरांनी अमलोडिपिन ५ लिहून दिली. पण मला त्रास काहीच नाही. एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात. धाकट्या भावाचे पाय याच गोळीनं सुजले. पाकीट बारा दिवस खणात पडून आहे. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : माझी गोळी ६४व्या वर्षी सुरू झाली, आणि डॉक्टर असूनही मी ती तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडत होते. तेव्हा तुमच्या खणाला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

खालचा आकडा ठीक, वरचाच चढलेला, हे उतारवयात नेहमीचं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वयाबरोबर ताठर होते, ठोक्याचा धक्का पोटात घेत नाही. यात दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. ‘या वयात गोळीचा काय उपयोग’ ही शंका डॉक्टरांनाही होती. २००८ साली ८० ओलांडलेल्यांवरचा हायव्हेट अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एक पंचमांशानं कमी होते. तुम्ही तर अजून ७४चेच.

सुटत नाही म्हणता, ते बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे; पण गोळीची चटक लागते म्हणून नव्हे. गोळी बंद केली की बीपी पुन्हा पहिल्यासारखं चढतं, इतकंच. वजन आणि मीठ उतरल्यावर डोस कमी केलेले पेशंट माझ्याकडे आहेत. पाय सुजतात हेही खरं, पण सगळ्यांचे नाही. घोट्याशी मोज्याचा वळ खोल उमटायला लागला तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो किंवा गोळी बदलता येते. भावानं मुकाट्यानं सोडून दिली असेल, तर त्यांनाही पाठवा.

मी जास्त भिते ती उठताना येणाऱ्या अंधारीला. एका मे महिन्यात मला जुलाब लागले होते, तरी गोळी नेमानं चालू. रात्री बाथरूमला उठले आणि फ्रिजचं हँडल धरून तशीच खाली बसले. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, अंगातलं पाणी आटतं, त्यात बीपीची गोळी. म्हणून पलंगाच्या काठावर मिनिटभर बसूनच उठायचं. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

घरी मशीन असेल तर शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळू नका. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि बाईसाहेबांना तेवढा वेळ काही विचारू नका म्हणावं. सकाळ-संध्याकाळ दोनदोन नोंदी, आठवडाभर. एकदा उभं राहिल्यावर मिनिटानंही मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला तर तेही लिहा. घरी सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर बीपी जास्तच धरायचं. पण या मोजणीच्या नावाखाली गोळी आणखी लांबवू नका. दवाखान्यातही तुमचं जास्तच निघालं आहे. परिणाम पुरता दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडायची नाही.

शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात सांगणारी मी कोण! पण चमचाभरच घ्या, आणि लोणचं-पापड त्याच ताटात नकोत. सैंधवानं काही साधत नाही, तेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको.

आणि एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही. ३५ वर्षं मागाशी उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे दुखत नसतील, यावर माझा विश्वास नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं. ती स्ट्रिपही बीपीच्या नोंदींच्या वहीबरोबर डॉक्टरांना दाखवा.