रत्नागिरीत राहतो. घरी चामड्याच्या कंबरपट्ट्याला तपकिरी रंग लावला तर गडद-फिक्या रेघा उठल्या. ब्रश बदलू का?

ब्रश बदलू नका, बाजूलाच ठेवा. रुंद भागावर ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याची कड आधी वाळते आणि तिथे रंग गडद दिसतो. स्पंजच्या तुकड्यावर जुनं सुती बनियन गुंडाळून बोळा करा. ब्रश फक्त कडांना आणि शिवणीजवळ.

त्याआधी पट्ट्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मुरला तर चामडं रंग धरेल. कोल्हापुरी चपलेचं, झाडाची साल नि हिरड्यात कमावलेलं चामडं असंच असतं. थेंब वरच राहिला तर लेप आहे, तो उतरवल्याशिवाय मेहनत फुकट.

मग ओल्या फडक्याने अख्खा पट्टा सारखा दमट करा. कोरडं चामडं बोळा टेकला तिथेच सगळा रंग पिऊन टाकतं. रंग पातळ ठेवा, गोल गोल फिरवत दोन-तीन हात द्या. स्पिरिटचा रंग असेल तर गॅसपासून लांब.

आणि घाई नको. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत एक हात वाळायला रात्र सहज जाते. मी एकदा दमटावरच पॉलिश चढवलं: आठवड्यात बुरशी, शिवाय पांढऱ्या शर्टाला कंबरेभोवती तपकिरी रेघ! पंख्याखाली वाळवा, उन्हात चामडं कडक होतं. वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासत राहा. फडकं स्वच्छ निघायला लागलं की मगच मेणाचं पॉलिश.