खिशातल्या चाकूत ६० एचआरसीची धार ५६ पेक्षा जास्त टिकते का?

बहुतेक वेळा टिकते, पण नुसता आकडा बघून चाकू घेऊ नका.

एचआरसी म्हणजे हिऱ्याचं टोक १५० किलो भाराने दाबल्यावर पोलाद किती खोल दबतं त्याचं माप; कमी दबलं की आकडा मोठा, म्हणजे पोलाद कठीण. कठीण पोलादाची धार पटकन वळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण पुठ्ठा, सुतळी कापताना धार वळण्यापेक्षा झिजते जास्त, आणि तिथे कामाला येतात पोलादातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून बनलेले फार कठीण कण. म्हणून डी-२ आणि १४सी२८एन ही चाकूंची दोन पोलादं ६० वर असली, तरी पुठ्ठ्यावर डी-२ जास्त दिवस चालतं. एस३०व्ही या पोलादामध्ये तर सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं, त्याचे कार्बाइड फारच कठीण.

मग डी-२ च घ्यावं? माझ्याकडे आहे. इथे बडोद्यात उन्हाळ्यात खंडेराव मार्केटमधून कैऱ्या आणल्या, चिरल्या, चाकू न पुसता ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पात्यावर काळे डाग! डी-२ मध्ये गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये अडकलेलं. आईचं म्हणणं, "माझी विळी बरी."

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंचं पोलाद साधारण ५६ चं. धार लवकर जाते खरी, पण दगडावर चार हात मारले की परत येते, गंजाची कटकटही कमी. फळं आणि पाकिटं एवढंच काम असेल तर मी तेच घेईन. आणि हो, पातं धारेमागे जाड असेल तर ६२ चं पोलादही नीट कापत नाही.